आउटलुक एक्सप्रेसमधील जुने ईमेल हलवण्याच्या सदोष कामाबाबत तक्रार

दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
पुणे शाखा

विषय : आउटलुक एक्सप्रेसमधील ईमेल थंडरबर्डमध्ये हलवण्याचे काम नव्याने व बिनचूक करून देणे अथवा घेतलेली संपूर्ण रक्कम परत करणे

महोदय,

मी पुण्यात मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करून देणारे एक छोटे कार्यालय चालवते. २००२ ते २०१३ या काळात लेखक, प्रकाशक आणि छापखाने यांच्याशी झालेला आमचा सर्व ईमेल-व्यवहार विंडोज एक्सपीवरील आउटलुक एक्सप्रेस ६ या प्रोग्रॅममध्ये साठवलेला आहे. तो संगणक अजून चालतो, परंतु त्याच्या वयाकडे पाहता त्यावर फार काळ विसंबून राहणे योग्य नाही, म्हणून हे सर्व ईमेल नव्या संगणकावरील थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममध्ये हलवून देण्याचे काम मी आपल्या कंपनीकडे सोपवले. आपल्या कोटेशनमध्ये ‘सर्व ईमेल, अटॅचमेंट, तारखा आणि फोल्डरची रचना जशीच्या तशी’ हलवून दिली जाईल, असे स्पष्ट लिहिले होते आणि त्या शब्दांवर विश्वास ठेवून मी पूर्ण रक्कम आगाऊ भरली. काम पूर्ण झाल्याचे आपण कळवल्यानंतर मी दोन्ही संगणक शेजारी ठेवून एकेक फोल्डर ताडून पाहिला, तेव्हा जे दिसले ते पुढे सविस्तर लिहीत आहे. यापूर्वीची माझी तोंडी आणि लेखी तक्रार ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद करण्यात आली. ती बंद करणे मला मान्य नाही.

सर्वांत मोठे नुकसान मराठी मजकुराचे झाले आहे. त्या काळात युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा, वापर सर्रास होत नव्हता. आमचे बहुतेक लेखक कृतीदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये मजकूर टाइप करून तोच ईमेलमध्ये चिकटवत असत. अशा मजकुराचे स्वरूप आपल्या तंत्रज्ञांना ठाऊक असायला हवे होते. कृतीदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला की संगणक प्रत्यक्षात ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरेच साठवतो. ती देवनागरी दिसतात ती केवळ त्या अक्षरांना कोणता फॉन्ट लावायचा याची नोंद मजकुरासोबत असते म्हणून. ती नोंद ईमेलच्या एचटीएमएल भागात, म्हणजे मजकुराच्या मांडणीच्या खुणा असलेल्या भागात, असते. आउटलुक एक्सप्रेस असा ईमेल दोन भागांत पाठवतो आणि साठवतो : पहिला भाग साध्या मजकुराचा, ज्यात फॉन्टची कोणतीही माहिती नसते, आणि दुसरा एचटीएमएलचा, ज्यात ती असते. जुन्या संगणकावर कंट्रोल आणि एफ-३ ही बटणे दाबून मी एका ईमेलचा मूळ स्रोत उघडला, तेव्हा हे दोन्ही भाग जागेवर होते आणि दुसऱ्या भागात कृतीदेवचे नाव स्वच्छ दिसत होते. त्याच ईमेलचा थंडरबर्डमधील स्रोत कंट्रोल आणि यू दाबून पाहिला, तर तिथे फक्त पहिला भाग शिल्लक होता. आपल्या साधनाने दुसरा भाग टाकून दिला आहे.

हा ईमेल एका ज्येष्ठ लेखिकेने २००६ साली तिसऱ्या फर्म्याच्या (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचाच्या) मुद्रितासंबंधी लिहिला होता. कोणत्या पानावर कोणता शब्द बदलायचा, कोणती ओळ गाळायची आणि अर्पणपत्रिकेत कोणाचे नाव कसे छापायचे, हे सर्व त्यात तपशीलवार आहे. जुन्या संगणकावर आजही तो सुबक मराठीत वाचता येतो. थंडरबर्डमध्ये मात्र रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांची निरर्थक रांग दिसते. त्या लेखिका आता हयात नाहीत. त्यांच्या त्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचे काम सध्या आमच्याकडे आहे आणि त्यांनी स्वतः सुचवलेल्या दुरुस्त्यांचा हा एकमेव लेखी पुरावा आहे. आपल्या दृष्टीने तो हजारो संदेशांपैकी एक असेल. आमच्यासाठी तो पुस्तकाचा मजकूर आहे.

या बाबतीत आपल्या प्रतिनिधींनी दिलेले उत्तर असे होते की नव्या संगणकावर जुने फॉन्ट नसल्यामुळे मजकूर वाचता येत नाही. हे उत्तर चुकीचे आहे. हे सर्व फॉन्ट मी काम देण्यापूर्वीच नव्या संगणकावर बसवले होते आणि जुन्या संगणकावरून स्वतंत्रपणे ईएमएल फाइल (एक संपूर्ण ईमेल जशाच्या तशा ठेवणारी फाइल) म्हणून बाहेर काढलेला एक ईमेल तिथे व्यवस्थित वाचता येतो. फॉन्ट हजर असूनही तो कुठे लावायचा याची नोंदच पुसली गेली असेल, तर फॉन्टने काय करावे? लेखकागणिक आणि वर्षागणिक फॉन्ट वेगवेगळे आहेत, तेव्हा कोणत्या ईमेलसाठी कोणता फॉन्ट वापरला होता हे आता केवळ अंदाजाने ठरवावे लागेल आणि एकाच ईमेलमध्ये मराठी व इंग्रजी दोन्ही मजकूर असल्यास तेवढ्यानेही भागणार नाही.

साधारण २००७ नंतर परदेशांतील काही मराठी लेखक युनिकोडमध्ये लिहू लागले होते. त्यांच्या ईमेलची अवस्था याहून वाईट आहे, कारण तिथे देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळीच्या ओळी आल्या आहेत. रोमन अक्षरांवर योग्य फॉन्ट पुन्हा चढवता तरी येतो. प्रश्नचिन्हांमागचे मूळ अक्षर मात्र त्या प्रतीत कुठेच उरत नाही. हा मजकूर परत मिळवायचा तर मूळ फायलींकडेच जावे लागेल.

दुसरा मुद्दा तारखांचा आहे आणि तो मला तितकाच गंभीर वाटतो. थंडरबर्डमधील असंख्य ईमेलवर आपण काम केलेल्या दिवसाचीच तारीख दिसत आहे. प्रत्येक ईमेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराच्या आधी असलेल्या नोंदींमध्ये, तो पाठवल्याची तारीख, वेळ आणि वेळेचे क्षेत्र लिहिलेले असते. आलेल्या ईमेलमध्ये तो कोणकोणत्या सर्व्हरमधून आला याच्या नोंदी असतात, आणि कोणता ईमेल कोणत्या ईमेलला उत्तर म्हणून आला हे जोडणारे ओळख क्रमांकही त्यातच असतात. स्रोत ताडून पाहता हे मूळ हेडर काढून टाकून त्यांच्या जागी पाठवणारा, घेणारा, विषय आणि नवी तारीख एवढाच मजकूर घातलेला दिसतो. त्यामुळे एका पुस्तकाबद्दल महिनोन्महिने चाललेला संवाद सुटा सुटा होऊन विखुरला आहे. आधी लेखकाचा आक्षेप आला की आधी प्रकाशकाची मान्यता, हे आता यादी पाहून सांगता येत नाही.

आमच्या व्यवसायात ही माहिती शोभेची नसते. मजकुरातला बदल कोणाच्या सांगण्यावरून झाला, पुनर्मुद्रणाला संमती कोणी आणि कधी कळवली, मानधनाचा आकडा कोणत्या दिवशी ठरला, अशा प्रश्नांची उत्तरे आम्ही याच ईमेलमधून देत आलो आहोत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ७ इलेक्ट्रॉनिक नोंदी जतन करण्याबद्दल आहे. नोंद मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूकपणे दाखवणाऱ्या स्वरूपात ठेवावी आणि तिचा उगम, ती कुठे पाठवली, ती पाठवल्याची किंवा मिळाल्याची तारीख व वेळ ओळखता येईल असे तपशील उपलब्ध असावेत, अशी अपेक्षा त्यात आहे. आपण दिलेल्या प्रतीत ना मजकूर अचूक आहे, ना तारीख.

फोल्डरांची रचनाही मोडली आहे. आउटलुक एक्सप्रेस प्रत्येक फोल्डरची वेगळी डीबीएक्स फाइल करतो आणि कोणता फोल्डर कोणाच्या पोटात आहे ही माहिती ‘फोल्डर्स’ नावाच्या स्वतंत्र डीबीएक्स फाइलमध्ये ठेवतो. ती फाइल वाचलीच गेलेली नसावी, कारण लेखकवार आणि पुस्तकवार लावलेले आमचे सर्व फोल्डर एकाच पातळीवर आले आहेत, आणि निरनिराळ्या लेखकांखाली ‘मुद्रिते’ हे एकच नाव असलेले फोल्डर एकमेकांत मिसळले आहेत. भर म्हणून, आम्ही पूर्वीच काढून टाकलेले काही ईमेलही त्यांत परत आले आहेत. फाइल कॉम्पॅक्ट होईपर्यंत, म्हणजे नको असलेला भाग काढून ती आटोपशीर केली जाईपर्यंत, असे ईमेल डीबीएक्समध्ये पडून राहतात हे खरे असले, तरी ते वगळणे हे स्थलांतर करणाऱ्याचे काम आहे.

स्कॅन केलेल्या मुद्रितांचा सर्वांत मोठा फोल्डर २००९ च्या मध्यावर अचानक संपतो. ‘मूळ फाइलच खराब आहे’ असे आपण त्याबाबत कळवले. आउटलुक एक्सप्रेसमध्ये एक डीबीएक्स फाइल २ जीबीच्या पलीकडे गेली की बिघडते, याची मला कल्पना आहे आणि म्हणूनच आम्ही तो फोल्डर त्या मर्यादेच्या आत ठेवला होता. जुन्या संगणकावर तो शेवटच्या ईमेलपर्यंत उघडतो आणि अटॅचमेंटही उघडतात. जी फाइल मूळ प्रोग्रॅम पूर्ण वाचतो ती खराब आहे, हे म्हणणे आपण कशाच्या आधारे केले, ते लेखी कळवावे. अ‍ॅड्रेस बुक मात्र बिनचूक आले आहे, याची नोंद मी येथे करते.

माझ्या तक्रारीवरील आपल्या लेखी उत्तरात दोन गोष्टी म्हटल्या आहेत. पहिली अशी की, मोठा फोल्डर सोडल्यास दोन्हीकडील संदेशांची संख्या जुळते, म्हणून काम पूर्ण झाले असे समजावे. काढून टाकलेले ईमेल परत येऊनही संख्या जुळत असेल, तर तितकेच खरे ईमेल कुठे तरी गळले असले पाहिजेत, हा विचार ते उत्तर लिहिताना व्हायला हवा होता. ग्रंथालय हलवताना पुस्तके मोजून घ्यावीत आणि पाने कोरी निघावीत, अशातला हा प्रकार आहे. दुसरी गोष्ट अशी की, आउटलुक एक्सप्रेस हा कालबाह्य प्रोग्रॅम असून मायक्रोसॉफ्टनेच त्याचा आधार काढून घेतला आहे, त्यामुळे ‘काही प्रमाणात हानी अपरिहार्य’ असते. २००७ साली सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टामध्येच आउटलुक एक्सप्रेसची जागा विंडोज मेलने घेतली होती आणि विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. ही माहिती कोटेशन देताना आपल्याकडे होती. प्रोग्रॅम जुना झाला आहे म्हणूनच तर ग्राहक आपल्याकडे येतो. तेच कारण पुढे करून सदोष कामाची जबाबदारी झटकता येणार नाही. हानी अपरिहार्य असेल, तर ती पैसे घेण्यापूर्वी सांगायची असते.

शिवाय ही हानी अपरिहार्य नव्हती. डीबीएक्स फाइलमधून प्रत्येक ईमेल त्याच्या मूळ हेडरसह आणि सर्व भागांसह ईएमएल फाइल म्हणून बाहेर काढता येतो. त्यासाठी ‘अनडीबीएक्स’सारखी मुक्त साधने उपलब्ध आहेत, आणि ती नसली तरी आउटलुक एक्सप्रेसमधून ईमेल ओढून एखाद्या फोल्डरमध्ये टाकले की ते ईएमएल स्वरूपातच उतरतात. ईएमएल हे ईमेलच्या खुल्या मानकावर आधारलेले स्वरूप असल्यामुळे तिथून थंडरबर्डमध्ये नेताना मजकुराला हात लावण्याची गरजच पडत नाही. आपल्या साधनाने हा सरळ मार्ग सोडून प्रत्येक ईमेल उकलला आणि पुन्हा रचला. सगळे नुकसान त्या पुनर्रचनेत झाले आहे.

म्हणून माझी मागणी अशी आहे की आपण हे काम मूळ डीबीएक्स फायलींच्या प्रतींवरून नव्याने करावे. मूळ फायलींना आणि जुन्या संगणकाला हात लावू नये. तिथे कॉम्पॅक्ट किंवा दुरुस्ती यांसारखी कोणतीही क्रिया करू नये. ईमेल आधी हेडर आणि एचटीएमएल भागांसह ईएमएल स्वरूपात काढावेत, त्या फायलींचा पूर्ण संच मला वेगळ्या डिस्कवर द्यावा आणि त्यानंतरच ते मूळ फोल्डर-रचनेनुसार थंडरबर्डमध्ये भरावेत. जुन्या फॉन्टमधील मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर या टप्प्यावर मुळीच करू नये. कृतीदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठवला जातो, युनिकोडमध्ये हा क्रम उलटा असतो. रूपांतर करणारी साधने नेमकी इथे चुकतात आणि मुद्रितशोधनाच्या पत्रव्यवहारात एक वेलांटी चुकली तरी सूचनेचा अर्थ बदलतो. ते काम आम्ही आमच्या देखरेखीखाली पुढे करू. काम झाल्यावर मी निवडलेले ईमेल आपल्या तंत्रज्ञाने माझ्यासमोर दोन्ही संगणकांवर उघडून मजकूर, तारीख, हेडर आणि अटॅचमेंट ताडून दाखवावेत आणि तशा नोंदीवर दोघांच्या सह्या व्हाव्यात.

आपल्या संगणकांवर राहिलेल्या आमच्या ईमेलच्या सर्व प्रती काम संपताच पुसून तसे लेखी कळवावे, कारण त्यांत लेखकांचे घरचे पत्ते आणि मानधनासाठी दिलेले बँक खात्यांचे तपशील आहेत. हे लोक आपले ग्राहक नाहीत आणि त्यांची माहिती आपल्याकडे राहण्याचे काहीच कारण नाही.

वरीलप्रमाणे काम करणे आपल्याला शक्य नसेल, तर घेतलेली संपूर्ण रक्कम परत करावी. या पत्राला ते मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत, जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने, लेखी उत्तर अपेक्षित आहे. करारात कबूल केलेल्या दर्जाचे काम न होणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २ (११) नुसार सेवेतील त्रुटी ठरते. मुदतीत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन.

आपले कोटेशन, पावती आणि वर उल्लेखिलेल्या ईमेलच्या दोन्ही संगणकांवरील स्रोतांच्या छापील प्रती सोबत जोडल्या आहेत. जुना संगणक मी सुस्थितीत ठेवला आहे आणि आपला तंत्रज्ञ कार्यालयीन वेळेत केव्हाही येऊन तो पाहू शकतो.

आपली विश्वासू,
(सही)
संचालिका, अक्षरजुळणी व मुद्रितशोधन कार्यालय, पुणे