निलिमेच्या घळीसाठी हात हवेत : जाळरेषेसाठी आवाहन

टेकडीच्या पूर्व उतारावरचं कुसळी गवत पिवळं पडू लागलंय. येत्या तीन आठवड्यांत जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा गवत काढलेला पट्टा, निघाली नाही, तर पुढे एक जळती विडी पुरेशी आहे. वणव्यात मोठी झाडं बहुधा तगतात. जळून जातात घळीतला पाचोळा आणि करवंदीच्या जाळ्या. टेकडीवरच्या टिकेलच्या निलिमेचा सगळा संसार तिथेच. चिमणीएवढा हा माशीमार पक्षी हवेतले किडे धरतो, पाचोळ्यावरचेही टिपतो. निळ्या पाठीचा, नारिंगी छातीचा नर अंधार पडेस्तोवर घळीत किणकिणत असतो. एप्रिल ते ऑगस्टमध्ये वीण. घरटं बरेचदा दरडीच्या भोकात, अंडी ३ ते ५.

वनविभागाची परवानगी घेतली आहे. पायवाटेच्या वरच्या अंगाने ४ मीटर रुंद पट्टा काढायचा. आग बहुतेक वाटेवरून लागते आणि चढावर धावते, म्हणून जोर तिथेच. गवत थोडं ओलसर असतानाच विळ्याने बुडापासून कापा. कडक वाळलं की तुकडे होतात आणि दाताळ्यालाही येत नाहीत. कापलेलं गवत कडेला रचू नका, ठिणगी ढिगावरून पलीकडे जाते. ते खाली गोठेवाल्यांना द्यायचं आहे. वळणावर माणसं दमतात, पट्टा दोन मीटरवर येतो आणि आग नेमकी तिथूनच ओलांडते. पट्टा जाळून काढायचा नाही.

करवंदीला हात लावू नका. घाणेरी परकी खरी, पण घळीत सध्या आडोसा तिचाच आहे. यंदा तीही राहू द्या. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हा परका वृक्ष भरपूर झालाय, तो आणखी लावायला आणू नका. दरडीच्या काठावर तर कसलाच खड्डा नको, दरड ढासळते आणि भोकंही जातात.

हवेत : १५ विळे, ८ दाताळी, चामडी हातमोजे, २० लिटरचे ६ कॅन, पक्ष्यांच्या पाण्यासाठी फूटभर रुंद मातीचे १० परळ. परळात दोन बोटं पाणी आणि एक खडबडीत दगड. प्लास्टिकचे खोल टब नकोत, गुळगुळीत कडेवर पक्ष्याचे पाय टिकत नाहीत. पाणी एक दिवसाआड बदलायचं, शेवाळ काथ्याने घासायचं, साबण नको. त्यासाठी एप्रिल-मेमध्ये आळीपाळीने येणारी ७ घरं लागतील. रोख मदत फक्त ६ मजुरांच्या आठ दिवसांच्या मजुरीपुरती घेऊ; पावती मिळेल.

दर रविवारी सकाळी साडेसहाला खालच्या फाटकाशी या. बूट घाला, मोजे पँटवर ओढून घ्या. सँडलमध्ये कुसळं घुसली की अर्धा दिवस ती काढण्यातच जातो.