नंबरप्लेटवरचे महिने

उल्म, जर्मनी
६ एप्रिल २०२६

ती. आप्पा व ती. सौ. आई यांना शि. सा. नमस्कार.

मी खुशाल आहे. आधी तेच लिहिते, म्हणजे आईला पुढचं शांतपणे ऐकता येईल. ऑफिस, खोली, जेवण हे रोज फोनवर कळतंच, ते परत लिहीत नाही. पण गाडीचा विषय निघाला की आप्पा फोन आईकडे देतात आणि आई 'जपून राहा' म्हणून ठेवून देते. आज ईस्टरची सुट्टी आहे, म्हणून सगळं नीट लिहायला बसले. वहिनीकडून वाचून घ्या. आप्पांनी अजून महिनाभर बारीक अक्षरांना डोळे लावायचे नाहीत.

आई, मी गाडीत राहत नाही. खोली आहे तिथेच आहे, भाडं वेळेवर जातं. काकूने बाजारात काहीही सांगितलं असो, जागा मिळत नाही म्हणून पोरगी टेम्पोत झोपते असं काही नाही. याला इकडे वोनमोबिल म्हणतात. पुढे व्हॅनचं इंजिन आणि केबिन, मागे एक खोली. त्यात दोन बिछाने, शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी, संडास. पेन्शनीतली, चांगल्या घरची माणसं हौसेने घेतात. आमची २००८ सालची फियाट डुकाटो आहे, २.३ लिटर डिझेल. गावात डॉक्टरांची जुनी फियाट होती ना, तीच कंपनी. निम्मे पैसे माझे, निम्मे नागपूरच्या मैत्रिणीचे. मुक्कामाला आम्ही दोघी असतो, एकटी मी कधीच जात नाही. रात्री रानात नाही थांबत. गावोगावी या गाड्यांसाठी ठरलेल्या जागा असतात, दिवा असतो, पाणी असतं, शेजारी म्हातारी जोडपी खुर्च्या टाकून बसलेली असतात.

आणि 'सिलिंडरजवळ झोपतेस' हे तू तीनदा म्हणालीस, त्याचं उत्तर देते. सिलिंडर आत नसतो. त्याचं कपाट वेगळं, दार बाहेरून, आणि त्याच्या तळाला मुद्दाम भोक ठेवलेलं असतं. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली बसतो आणि त्या भोकातून बाहेर पडतो. ते भोक झाकायला सक्त मनाई आहे. दर दोन वर्षांनी माणूस नळीत हवा भरून गळती बघतो आणि वहीवर शिक्का देतो, आमचा शिक्का गेल्याच महिन्यातला आहे. गाडी चालू असताना मी सिलिंडर बंदच ठेवते. आई, आपल्याकडे सिलिंडर ओट्याखाली बंद कपाटात आहे. दादाला सांगून त्या दाराला खालून जाळी पाडून घे. मला त्याची जास्त काळजी वाटते.

आप्पा, 'जुनं वाहन म्हणजे विकतचं दुखणं' हे तुमचं बोलणं कानात होतं, म्हणूनच घ्यायला चार महिने लावले. सात गाड्या बघितल्या. बैलबाजारात तुम्ही आधी चाल बघता, मग दात बघता आणि विकणाऱ्याचं ऐकतच नाही, मीही तसंच केलं. या गाड्यांचं इंजिन सहसा दगा देत नाही, सडतो तो वरचा डबा. बाहेर पत्रा आणि आत लाकडी पट्ट्या. छताच्या सांध्यातलं सीलंट तडकलं की पाणी आत जातं, आणि वरून काही न दिसता लाकूड वर्षानुवर्षं कुजत राहतं. म्हणून प्रत्येक कपाट उघडून वास घ्यायचा, खिडक्यांखाली आणि मागच्या कोपऱ्यांत अंगठ्याने दाबून बघायचं. एका गाडीत अंगठा पिकल्या पपईत जावा तसा आत गेला, वरून नवाकोरा कागद चिकटवलेला होता. आम्ही चहासुद्धा न घेता निघालो.

आमची आतून कोरडी निघाली. टायरवर चार आकडे असतात, तिच्यावर २३१६ होते. म्हणजे २०१६ सालच्या २३ व्या आठवड्यातलं टायर. नक्षी चांगली होती, पण रबराचं वय झालेलं, म्हणून चारही बदलले. टायमिंग बेल्टची पावती नव्हती. पावती नाही म्हणजे बदललेला नाही असंच धरायचं, कारण तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनच जातं. घेतल्याच्या आठवड्यात तो बदलला. काट्यावर घालून वजनही केलं. माझं लायसन साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीचं, भरलेल्या गाडीचं वजनही त्याच्या वर जायला नको, आणि पाण्याची टाकी भरली की एकदम शंभर किलो वाढतात. आपलं तिकडचं लायसन इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं. लेखी आणि गाडीची, दोन्ही परीक्षा मी परत दिल्या आणि पास झाले, हे काकूला नक्की सांगा.

आता एक गोष्ट सांगते ती तुम्हाला पटणार नाही. मलाही पटायला वेळ लागला. फोटोत नंबरप्लेटच्या उजव्या टोकाला बारीक आकडे दिसतात, वर ०३ आणि खाली १०. दादाने विचारलं होतं, ही पासिंगची तारीख का? तसं नाही, ते महिने आहेत. १ मार्चपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत गाडी रस्त्यावर येऊ शकते. १ नोव्हेंबर उजाडला की चालवणं तर सोडाच, रस्त्याच्या कडेला नुसती उभी करणंसुद्धा गुन्हा. तिला कुणाच्या तरी खासगी आवारात न्यावंच लागतं. हे सरकार लादत नाही, आपणच महिने निवडून घ्यायचे, कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त अकरा. कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा लागतो. मोटरसायकलवाले, उघड्या टपाच्या गाड्यांवालेही असंच करतात. महिने प्लेटवरच छापलेले, त्यामुळे लपवायला जागा नाही. आप्पा विचारतील, फेब्रुवारीत रात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर? तरी नाही. तेव्हा दुसरी गाडी. आपल्याकडे ट्रॅक्टरला कुणी सांगितलं असतं की चार महिने आवाराबाहेर चाक काढायचं नाही, तर त्याला कुणी गावात टिकू दिलं नसतं. इथे मात्र लोक ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गाडी धुतात, प्रत्येक नळ उघडून पाणी काढून टाकतात, फ्रिजच्या दारात टॉवेल अडकवून ते किलकिलं ठेवतात, गाद्या उभ्या करतात. मृगाआधी आपल्याकडे घराची जशी आवराआवर चालते ना, अगदी तशी लगबग.

आम्ही ती गावाबाहेर एका शेतकरी आजोबांच्या मोठ्या खळ्यात ठेवतो. वर गवताचे गठ्ठे, खाली दोन ट्रॅक्टर, एका कडेला आमच्यासारख्यांच्या तीन गाड्या. वाळलेलं गवत, शेण आणि डिझेल यांचा एकत्र वास. पहिल्यांदा आत पाय टाकला तेव्हा मैत्रीण बाहेरून हाका मारत होती आणि मी बराच वेळ बाहेर आले नाही.

तिथेच माझी चूक झाली, तीही तुम्हाला सांगते. डिझेलची टाकी रिकामी ठेवली की पाणी धरते, हे तुम्ही शिकवलेलं. म्हणून सप्टेंबरातच टाकी काठोकाठ भरून ठेवली. पण इथे पंपावरचं डिझेल ऋतूप्रमाणे बदलतं. ३० सप्टेंबरपर्यंत उन्हाळी, त्याची हमी फक्त शून्य अंशापर्यंत. १६ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर हिवाळी, ते उणे २० पर्यंत चालतं. मधल्या दिवसांत उणे १० चं. भुसावळच्या ४५ अंशांत वाढलेल्या माणसाला डिझेल थंडीने आजारी पडतं हे सुचणार कसं? आपल्याकडे जानेवारीत थंडी वाढली की केळीचा घड निसवताना अडकतो आणि तुम्ही रात्री बागेच्या कडेने धूर करता, तेवढीच थंडीची भीती मला माहीत.

मार्चच्या पहिल्या शनिवारी गाडी काढायला गेलो. बाहेरच्या हौदावर बर्फ. इंजिन लगेच लागलं, अर्धा मिनिट चाललं आणि गप्प झालं. परत लावलं, परत गप्प. बॅटरी ठणठणीत होती. मैत्रीण म्हणाली अजून एकदा मार. आणि मला तुमचा आवाज ऐकू आला, आप्पा. 'सेल्फ मारत बसू नको, आधी डिझेल येतंय का बघ.' मी चावी काढून घेतली.

आजोबा परात घेऊन आले. फिल्टर काढला. आत डिझेल नव्हतंच जणू, थंडीत खोबरेल तेलाची बाटली पांढरी होते ना, तसा गढूळ, दाट गोळा कागदाला चिकटलेला. डिझेलमधलं मेण थिजून बाहेर येतं आणि फिल्टरची छिद्रं बुजवतं. एकदा थिजल्यावर वरून औषध ओतून काही होत नाही, ते आधीच घालायचं असतं. जाळ लावायचा नाही. गरम पाण्याच्या फडक्यांनी नळ्या शेकल्या, नवा फिल्टर बसवला, टाकीत कॅनमधलं हिवाळी डिझेल घातलं. नळ्यांत शिरलेली हवा काढायला आपल्या ट्रॅक्टरसारखा हाताचा पंप दाबायचा नव्हता. चावी नुसती ऑन करून थांबायचं, मागे टाकीत पंप गुणगुणतो, मग बंद, परत ऑन. असं सहा-सात वेळा. मग इंजिन खोकलं, पांढरा धूर सोडला आणि हळूहळू एका लयीत आलं. जुना फिल्टर टाकण्याआधी आजोबांनी त्याच्या तळाचा नट सैल करून मला त्यातलं पाणी दाखवलं. आपल्या ट्रॅक्टरला असतो तसाच नट.

फिल्टर बसवताना त्यांनी उजेडाची बॅटरी माझ्या हातात दिली. दीड तास मी ती धरली आणि त्यांनी एकदाही 'इकडे धर' म्हटलं नाही. शेवटी हात पुसत विचारलं, कुठे शिकलीस? मी म्हटलं, वडिलांकडे.

बाकी शिकणं चालूच आहे. बॅटऱ्या दोन आहेत, एक इंजिनाची आणि एक घराची. घराची १२.२ व्होल्टवर आली की निम्मी संपली असं समजून दिवे बंद करायचे, नाहीतर ती लवकर मरते. एका सकाळी गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसलं, दोन तास गळती शोधली. ती गळती नव्हतीच. आत पारा ३ अंशांच्या आसपास गेला की बॉयलर फुटू नये म्हणून एक झडप आपोआप उघडते आणि सगळं पाणी सोडून देते. हे सगळं मी वहीत लिहून ठेवते, तुम्ही पंपाच्या सर्व्हिसिंगच्या तारखा भिंतीवर लिहिता तसं.

आता पैशांचं. दादाच्या खात्यात ८०,००० पाठवले आहेत. मृगबाग लावायच्या आधी ठिबकच्या नळ्या बदलून घ्या. मागचे तसेच पडून आहेत असं वहिनीकडून कळलं. माझ्या लग्नासाठी म्हणून ते ठेवू नका, शेतात घाला.

आणि एक सांगायचं राहिलं होतं, ते आज सांगते. डिसेंबरात तिकीट महाग आहे म्हणून आले नाही असं मी म्हणाले होते. तिकीट महाग होतं हे खरं, पण पूर्ण खरं नाही. गाडीतला माझा वाटा, टायर आणि बेल्ट यांत ते पैसे गेले होते. मी आले असते तर आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हाच, माझ्यासमोर झालं असतं. तुम्ही ते मार्चमध्ये उरकून मला दुसऱ्या दिवशी कळवलंत. मी रागावले फोनवर, पण रागवायचा मला हक्क नव्हता. गाडी घेतल्याचं वाईट वाटत नाही. तेव्हा खरं सांगितलं नाही, त्याचं वाटतं.

भुसावळच्या मुलाशी दोनदा बोलले. माणूस सरळ वाटला. त्याने विचारलं, लग्नानंतर ती गाडी विकणार ना? मी हो म्हटलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही. आई, मी स्थळ मोडलेलं नाही, फोनवर ठरवायचं नाही एवढंच म्हणतेय. पण छोटीसाठी आलेलं चोपड्याचं स्थळ 'मोठी बसलीय' म्हणून अडवून ठेवू नका. तिला मुलगा आवडलाय, तिने मला सांगितलंय. लोक काय म्हणतील ते माझ्या नावावर म्हणू देत.

१९ तारखेला आखाजी. यंदाही मी नाही. आजी घागर भरेल तेव्हा आजोबांच्या नावाने माझ्याकडून नमस्कार करायला सांगा, आणि गौराईच्या झोक्यावर छोटीला माझ्या वाटणीचे दोन झोके जास्त घेऊ द्या. दिवाळीला मात्र येतेच. ३१ ऑक्टोबरला गाडी खळ्यात जाईल, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, मी ३ तारखेला गावात असेन. तिकीट काढलंय, दादाला फोटो पाठवलाय. बामणोदची वांगी तेव्हा नुकती निघायला लागली असतील, भरीत माझ्या हातचं.

आप्पा, डोळ्यांत थेंब वेळेवर घाला. आणि इतक्यात ट्रॅक्टरखाली जाऊ नका. दादाला खाली जाऊ द्या, बॅटरी तुम्ही धरा.

तुमची लेक