गॉथिक पाहायचे तर पिपिंगलाही जा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील म्युनिकवरचा लेख आवडला. पण ‘गॉथिक (मध्ययुगीन युरोपीय वास्तुशैली) पाहायचे तर फ्राउएनकिर्शे’, म्हणजे शहरातले मोठे चर्च, एवढ्यावरच तो थांबला, याची चुटपुट लागली. मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला अभियंता. मुलगी तिथे नोकरीला आहे, म्हणून गेल्या उन्हाळ्यात दीड महिना म्युनिकच्या पासिंग भागाजवळ राहिलो. रोज संध्याकाळी व्युर्म नदीच्या काठाने फिरायला जायचो. त्या वाटेवर पिपिंग हे पूर्वीचे खेडे लागते. १९३८ मध्ये ते म्युनिक शहरात आले. तिथे संत वोल्फगांग यांचे छोटेसे चर्च आहे.

गंमत अशी, की दोन्ही वास्तूंची पायाभरणी एकाच माणसाच्या हातची. बव्हेरियाचा ड्यूक (सरदार-राजा) सिगिसमुंडने १४६७ मध्ये राज्यकारभार भावाकडे सोपवला. पुढच्याच वर्षी त्याने फ्राउएनकिर्शेचा पहिला दगड बसवला आणि १४७८ मध्ये पिपिंगच्या चर्चचा. पिपिंगचे काम १४८० मध्ये पुरेसुद्धा झाले.

मला मोठ्या चर्चचे महत्त्व कमी करायचे नाही. यॉर्ग फॉन हाल्सबाखने विटांत उभारलेले ते मनोरे पाहून मीही थक्क झालो. पण त्याचा अंतर्भाग सतराव्या शतकात बरोक या अलंकृत पद्धतीने बदलला, एकोणिसाव्या शतकात ते बदल काढून टाकले आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी छत कोसळले. आज आत जे दिसते ते बहुतांशी नंतरचे. पिपिंगला मात्र पंधराव्या शतकातल्या वेदी, भित्तिचित्रे, रंगवलेले व्यासपीठ सारे जागच्या जागी आहे. लोक बसतात त्या सभागृहावर साधे सपाट छत आणि वेदीच्या भागावर कमानदार छताच्या बरगड्यांचे जाळे. बांधणाऱ्याने खर्च कुठे केला आणि कुठे हात आखडला, हे तिथे उभे राहून वाचता येते. आमच्या व्यवसायात याहून मोलाचा दस्तऐवज नसतो.

नातीने विचारले, ‘आजोबा, या संताच्या हातात कुऱ्हाड कशाला?’ दंतकथा अशी, की वोल्फगांग यांनी डोंगरावरून कुऱ्हाड भिरकावली आणि ती जिथे पडली तिथे चर्च बांधले. तेव्हापासून नात रोज पिपिंगच्या चर्चपाशी थांबून कुऱ्हाड शोधायची.

पासिंग स्टेशनपासून हे ठिकाण चालत अर्ध्या तासाच्या आत आहे. आणखी थोडे पुढे सिगिसमुंडचा ब्लुटेनबुर्ग वाडा आणि त्यातले १४८८ चे चर्चही आहे. लेख वाचून म्युनिकला निघालेल्या वाचकांना एवढे कळवावे, ही विनंती.

— एक निवृत्त अभियंता, कराड