अंगणातला रंग सुटणारा हवा

औसा,
एप्रिल, पहिला आठवडा

प्रिय नाना,

तुझा निरोप मिळाला. नातवंडं मे महिन्यात तुझ्याकडं संभाजीनगरला येणार, त्यांना सोसायटीच्या मागच्या फरशीवर रंगवू द्यायचं आहे, विकतच्या बाटल्या एका दुपारी संपतात आणि सूनबाईंनी फर्मावलंय की घरी काही करता येत असेल तर तुमच्या त्या ड्रॉइंगच्या दोस्ताला विचारा. फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण मला दोन वाक्यांत काही सांगता येत नाही, हे तुला ए.टी.डी.च्या, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या पदविकेच्या, होस्टेलपासून ठाऊक आहे. तेव्हा आता वाच.

आधी मूळ कृती. एक वाटी कॉर्नफ्लॉवर, एक वाटी पाणी, गुठळी राहू न देता ढवळायचं आणि त्यात रंग टाकायचा. बस्स. कॉर्नफ्लॉवर म्हणजे पुडीत मिळतं ते पांढरंशुभ्र, चिमटीत दाबलं की करकरणारं. गिरणीतून दळून आणलेलं मक्याचं पिवळं पीठ आणशील, त्याचा उपयोग नाही. हे पांढरं पीठ गार पाण्यात विरघळत नाही, नुसतं तरंगत राहतं आणि हात थांबला की तळाशी बसतं. म्हणून प्रत्येक वाटीत एक काडी ठेवायची आणि लेकरांना सांगायचं, बुडवायच्या आधी ढवळ. फरशीवर पाणी उडून जातं, पीठ खडूच्या भुकटीसारखं मागं राहतं आणि रंग त्या पिठाला धरून बसतो. ओला असताना तो फिका, पाणचट दिसतो. नातू ओरडेल, "आजोबा, उमटतच नाही!" तू घाईनं आणखी रंग ओतू नको. आपल्या उन्हात तो बघता बघता वाळतो आणि वाळला की खुलतो.

पाणी निम्मं घातलंस तर त्याच मिश्रणाचा भलताच खेळ होतो. मुठीत दाबलं की गोळा, मूठ उघडली की बोटांतून ओघळ. बुक्की मारली तर टणक, अलगद बोट घातलं तर आत जातं. एकदा हे लेकरांना सापडलं की त्या दिवशी चित्रबित्र काही होत नाही. होऊ देऊ नको. पोरांना कामाला लावायची आपली मास्तरकी खोड आता सोड.

खरी गोष्ट पुढं आहे. कुठलाही रंग म्हणजे तीन वस्तू: रंगाची पूड, तिला धरून ठेवणारा चिकटा आणि पातळ करायला पाणी किंवा तेल. अजिंठ्याला आपण सहल नेली होती तेव्हा गाईड सांगत होता आणि मागची पोरं वानरांना शेंगदाणे टाकत होती, आठवतं? मातीत तूस आणि तंतू मिसळून केलेला गिलावा, त्यावर पातळ पांढरा हात आणि त्या कोरड्या भिंतीवर सरसासारखा चिकटा घालून रंग. तांबडा गेरूचा, पिवळा पिवडीचा, काळा काजळीचा, हिरवा तिथल्याच काळ्या दगडात सापडणाऱ्या हिरव्या मातीचा. दीड हजार वर्षं टिकला. त्यांची सगळी अक्कल रंग धरून ठेवण्यात गेली. आपल्याला नेमकं उलटं हवंय. लेकरांचा अंगणातला रंग सुटणारा हवा. फरशीवरून सुटणारा, हातावरून सुटणारा, आणि मुख्य म्हणजे मोठ्या माणसांच्या मनातून सुटणारा. रंग जाणार नाही ही धास्ती असली की आपण दारात उभं राहून "अरे तिकडं नको, भिंतीला नको, चड्डीला पुसू नको" सुरू करतो. मग लेकरू रंगवत नाही, आपल्याकडं बघत बसतं. मी जन्मभर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसणाऱ्या पोरांच्या रेषा सरळ करत आलो, त्या कामाला मान आहेच. पण अंगणात ते काम काढायचं नाही.

म्हणून चिकटा कमीत कमी. खळ करायची का, असं तू विचारशीलच. मैदा किंवा ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवलं की दाट, चकचकीत रंग होतो, ब्रश सुरेख फिरतो. पुठ्ठ्यावर, जुन्या धोतराच्या पडद्यावर तो चांगला. फरशीवर मात्र नको. शिजलेलं पीठ धरून बसतं, पापुद्रा होतो, त्यावर पाय घसरतो आणि मुंग्यांची रांग लागते. शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात खळ रातोरात आंबते. करायचीच तर थोडी कर, चमचाभर मीठ घाल आणि संध्याकाळी उरलेली झाडाच्या आळ्यात न टाकता कचऱ्यात टाक, मिठानं झाड धरत नाही.

आता रंग कशाचा, तो भाग मला सगळ्यांत आवडतो.

हळद तुमच्या घरात आहेच. वसमत-हिंगोलीची असेल तर चिमूटभर पुरते. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे वहिनींनी हजारदा पाहिलं असेल. तेच लेकरांना करून दाखव. हळदीच्या वाटीत खायचा सोडा टाकला की पिवळ्याचा तांबूस नारिंगी होतो, वर लिंबू पिळलं की फेस येतो आणि पिवळा परत. एका वाटीत दोन रंग. हळदीचा दुसरा गुण असा की ती उन्हात उडते. कपड्यावरचा डाग आपण उन्हातच घालतो ना? तसंच फरशीवरचं पिवळं आपोआप विटत जातं, घासावं लागत नाही.

गुलाबी बीटाचा. किसायचं, पिळायचं, उकळायचं नाही, उकळलं तर तपकिरी होतो. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या तर जांभळट पाणी निघतं. त्यात लिंबू पिळलं की लालभडक, सोडा टाकला की हिरवट. निळ्यासाठी गोकर्ण. अजिंठ्याच्या चित्रकारांना निळा दगड पार अफगाणिस्तानाकडून आणावा लागला आणि आपल्याकडं गोकर्णीचा वेल कुंपणावर फुकट पसरलेला असतो, याची मला राहून राहून गंमत वाटते. मूठभर फुलं गरम पाण्यात टाक, निळं पाणी तयार. पिठात ते आभाळासारखं फिकट होतं, गडद होणार नाही, हे आधीच सांगून ठेव. काळ्याला कोळसा कुटून वस्त्रगाळ करायचा.

पळस तर आपला. फाल्गुनात फुललेला असतो तेव्हा खाली पडलेली फुलं गोळा करून सावलीत वाळवून ठेवायची. रात्रभर भिजवून सकाळी उकळली की केशरी पाणी. पूर्वी रंगपंचमीला हेच खेळायचो की आपण. माझ्याकडं यंदाची आहेत.

गेरू देऊ नको असं मी म्हणत नाही, पण त्याला वेगळी जागा दे. तो लोखंडाचा गंज असलेली माती, उन्हानं उडत नाही, कपड्यावरून जात नाही. कुंड्यांना, विटांना, तुळशी वृंदावनाला लेकरांच्या हातून गेरू लावून घे, फरशीवर नको. माती मात्र भरपूर दे. शेतातली काळी बादलीत कालवायची, खडे-वाळू खाली बसेपर्यंत थांबायचं आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. त्याच्या तळाशी लोण्यासारखा गाळ बसतो. त्यानं रंगवलं की वाळताना चित्राला भेगा पडतात, वैशाखात रानाला पडतात तशाच. आमच्या धाकट्या नातीनं त्या भेगांत कोळशानं रेघा भरल्या आणि म्हणाली, हा नकाशा. माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, टाकायची पांढरी माती गावाकडून मिळाली तर तीही आण. काळ्या फरशीवर पांढऱ्याइतकं उठून काही दिसत नाही.

सोड्याचा फेस लेकरांना फार आवडतो. रंगात दोन चमचे खायचा सोडा कालवायचा, चित्र काढून झालं की वरून चिंचेचं आंबट पाणी शिंपडायचं. सगळं चित्र फसफसून उठतं. व्हिनेगरही चालतं, पण घरात चिंच असताना ते कशाला विकत आणायचं? फक्त खाली शहाबादी फरशी असेल तर हा खेळ तिथं करू नको. ती चुनखडीचा दगड आहे, आंबट लागलं की तिची चकाकी जाऊन डाग पडतो आणि तो काही सुटणारा नव्हे. सोसायटीच्या चेअरमनशी तुझं आधीच फारसं बरं नाही. काळ्या दगडावर किंवा परातीत कर.

ब्रश विकत आणू नको. कडब्याच्या धाटाचं टोक ठेचलं की ब्रश, पऱ्हाटीच्या काडीला कापूस गुंडाळला की ब्रश, बाभळीचं दातवण चावून दिलं की सगळ्यांत झकास ब्रश. शिंदीचा जुना फडा पूर्ण बुडवून अंगण झोडपायला दे, ते धाकट्यांचं काम. सॉसच्या रिकाम्या बाटल्या पिचकारीला ठीक. पण शेतातल्या कीटकनाशक फवारणीची बाटली, पंप, औषधाचा डबा कितीही धुतलेला असला तरी लेकरांच्या हातात द्यायचा नाही. गावाकडून कोणी 'चांगली बाटली आहे' म्हणून पाठवली तर परत न पाठवता फोडून टाक.

आणखी काही वस्तू घरात असूनही वर्ज्य. शेंदूर अजिबात नाही, तो शिशाचा असतो. रांगोळीच्या दुकानातले झगमगीत रंग कशाचे आहेत हे पुडीवर लिहिलेलं नसतं, म्हणून तेही नाहीत. चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो, तेव्हा पांढऱ्यासाठी चुन्याकडं वळू नको. पोळ्याला शिंगं रंगवून उरलेला ऑइलपेंट तर नकोच. घरगुती रंगात शिसं दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं असा नियम 2016 साली झाला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्यामुळं माळ्यावरचे त्याआधीचे डबे कुठल्या हिशेबातले कोण सांगणार! झाडाफुलांचा उद्योग नको वाटला तर खायचा रंग चालेल, पण सीलबंद पाकिटातला, सुट्या पुडीतला जिलबीचा रंग नको. आणि तोही थेंबानं. जास्त झाला की हात चार दिवस हिरवे राहतात.

पाण्याची काळजी तुला आहे हे मला माहीत आहे. मिरजेहून 2016 साली रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आपण दोघंही लातुरातच घागरी घेऊन रांगेत होतो, ती सवय मोडत नाही. पण या रंगाला तांब्याभर पाणी पुरतं. धुवायचं नाहीच, वाळल्यावर खराट्यानं झाडलं की बराचसा निघतो, उरलेला पहिल्या वळवाच्या सरीला जातो. अगदीच धाकट्याला नुसतं पाणी आणि फडा दे. तापल्या काळ्या दगडावर ओली रेघ काळीकुळकुळीत उठते आणि पुढची काढेपर्यंत पहिली उडून जाते. त्यात त्याचा तासभर सहज जातो.

आणि हे सगळं तू एकट्यानं सकाळी उठून तयार करून ठेवू नको. वाट्या मांडून लेकरांना हाक मारशील, तुझा स्वभाव तोच. कुटणं, पिळणं, गाळणं त्यांनाच करू दे. उकळतं पाणी तेवढं तुझ्याकडं ठेव. आमच्या शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "मास्तर, ही लेकरं रंगवायलेत का सैपाक करायलेत?" मला तरी त्यातला फरक सांगता आला नाही.

वाळलेली पळसफुलं आणि किलोभर गाळलेली पांढरी माती पिशवीत बांधून ठेवली आहे. आमचा थोरला पंधरा तारखेला तिकडं येतोय, त्याच्यासोबत देतो. त्याला जेवल्याशिवाय सोडू नको आणि माझी जलरंगाची पेटी तुझ्याकडं कधीची पडून आहे, ती त्याच्याबरोबर परत धाड. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
आप्पा