मे महिन्यात येतोय, त्याआधी सोनूच्या जेवणाबद्दल

प्रिय आई,

तिकिटं झाली, मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दादरला. फोनवर सांगायला गेले की बाबा सोनूला बघायला फोन ओढून घेतात आणि माझं बोलणं राहूनच जातं, म्हणून आज तो झोपल्यावर लिहितेय.

परवा त्याचं वजन ९ किलो ८०० भरलं. दोन महिन्यांत ३५० ग्रॅम. तुला कमी वाटेल पण मी क्लिनिकबाहेर उभी राहून रडले गं, त्याआधी तीन महिने काटा हललाच नव्हता.

तू विचारलेलंस ना, एवढं खातो तरी अंगी का लागत नाही. त्याच्या या आजारात, सिस्टिक फायब्रोसिसमध्ये, छातीत चिकट कफ साठतो ते तुला माहितीय, पण तसंच स्वादुपिंडाच्या नळ्याही बुजतात, मग पाचक रस आतड्यात पोचतच नाही आणि तूप-लोणी न पचता शीवाटे निघून जातं, म्हणून ती तशी तेलकट असते. वर खोकला, इन्फेक्शन यात ताकद जाते ती वेगळीच. वजन चांगलं राहिलं तर पुढे फुप्फुसंही चांगली राहतात, म्हणून माझा जीव त्या काट्यात अडकलेला असतो.

म्हणून ते पाचक रस बाहेरून देणारी कॅप्सूल प्रत्येक खाण्याला हवी, दुधाला आणि बिस्किटालाही. नुसतं फळ असेल तर नको. कॅप्सूल उघडून आतले दाणे चमचाभर सफरचंदाच्या गार गरावर घालायचे आणि खायला बसताना लगेच द्यायचे. दुधात किंवा गरम वरणभातात मिसळायचे नाहीत, वरचं कोटिंग विरघळलं की पोटातल्या ॲसिडने औषध वाया जातं. नंतर तोंडात बघायचं, दाणा हिरडीला चिकटून राहिला तर तोंड येतं. प्रत्येक खाण्याला कॅप्सूल लागते, म्हणून येताजाता त्याच्या हातावर चकली, लाडू ठेवू नका प्लीज, बाबांना खास सांग.

बाकी खायला घालायची तुला पूर्ण मोकळीक! इथल्या डाएटिशियनने प्रत्येक घासात फॅट वाढवा म्हटलं तेव्हा मला तुझंच स्वयंपाकघर आठवलं. मऊ भातावर साजूक तूप, थालीपिठावर लोणी, साय घातलेला शिरा, भाजीत दाण्याचं कूट नि ओलं खोबरं, सगळं चालतं. इथे शेजारची मुलं लो फॅट दही खातात आणि मी याच्या दह्यात क्रीम घालते.

पण जबरदस्ती नको, आई. मीच तासतास वाटी घेऊन त्याच्या मागे फिरायचे, मोबाइल दाखवायचे, ओरडायचे, शेवटी तो वाटी बघूनच तोंड मिटायला लागला. आता तीन जेवणं, मधे तीन वेळा खाऊ, आणि वीस मिनिटं झाली की ताट उचलायचं, अर्धं राहिलं तरी. खाल्लं की कौतुक करायचं, नाही खाल्लं तर काहीच बोलायचं नाही. पहिले काही दिवस मला फार जड गेलं, तुलाही जाईल.

आणि त्याच्यासमोर कुणी "किती बारीक आहे, आई खायला घालत नाही का" म्हणायचं नाही. गेल्या खेपेला एका काकूंनी म्हटलेलं ते मला अजून लागतं, आणि आता त्यालाही शब्द कळतात. खोकला-सर्दी असलेल्या कुणाला भेटायला येऊ देऊ नकोस, वाईट वाटलं तरी चालेल.

घामातून त्याचं मीठ खूप जातं, पापा घेतला की गाल खारट लागतो बघ. मुंबईच्या मे महिन्यात तर जास्तच जाणार, डॉक्टरांनी वेगळं मीठ दिलंय ते मी आणतेय, पण पन्ह्यात, सरबतात, वरणात मीठ कमी करू नकोस.

कॅप्सूल २५ डिग्रीच्या खाली ठेवायच्यात, तेव्हा आतल्या खोलीतला एसी आत्ताच दुरुस्त करून घ्या. आणि माझी लहानपणीची चांदीची वाटी माळ्यावरून काढून ठेव, तुझ्या हातचा मऊ भात त्याला त्यातूनच भरवू.

तुझी,
मनू