पनवेलला रात्री बारानंतर तारीख बदलते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रात्रीच्या रेल्वेने गोव्याला निघणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. हेतू चांगला आहे. पण असे लेख लोक मोबाईलवर फोटो काढून परदेशातल्या मित्रांना, सुनांना, जावयांना पाठवतात. या लेखावर विसंबून कोणी निघालं तर पहिल्याच रात्री फलाटावर अडकेल, म्हणून लगेच लिहितो आहे.

सगळ्यात मोठी चूक चौकटीत आहे. मुंबई-मडगाव कोकणकन्या एक्स्प्रेसचा क्रमांक १०१११ छापलाय. तो २०२३ मध्ये बदलून २०१११ झाला. आणि 'पनवेलहूनही चढता येते' एवढं एका ओळीत सांगून मोकळे झालात. चढता येतं, पण कोणत्या तारखेला? गाडी सीएसएमटीहून रात्री ११ वाजून ५ मिनिटांनी सुटते आणि पनवेलला पोहोचेपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. पनवेल ते मडगाव असं १२ तारखेचं तिकीट काढलं, तर ११ तारखेला रात्री जेवून स्टेशनवर जायला हवं. तेच तिकीट सीएसएमटीपासून काढून चढण्याचं ठिकाण पनवेल केलं, तर त्याच गाडीच्या तिकिटावर प्रवासाची तारीख ११ येते. गाडी एक, रात्र एक, तारखा दोन. आपल्यातली रोज फिरणारी माणसंसुद्धा इथे फसतात, तर ज्याला पनवेल कुठे आहे तेही माहीत नाही त्याने काय करावं?

गेल्या हंगामात कुडाळला येणाऱ्या एका जोडप्याचं नेमकं हेच झालं. छापील तिकिटावर तारखेला पेनाने गोल केलेला, पासपोर्ट जवळ, सामान व्यवस्थित, तासभर आधी फलाटावर हजर. त्यांची गाडी आदल्या रात्रीच निघून गेली होती. गाडी सुटून गेल्यावर कन्फर्म तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, तेही गेले. त्या वेळी दुसरं तिकीट कुठून मिळणार? शेवटी एका ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसून आली बिचारी. तिकिटावर सगळं बरोबर छापलं होतं. फक्त कोणी समजावून सांगितलं नव्हतं. ते सांगणं हे आपल्या लेखाचं काम होतं.

तिकिटाबद्दलचा सल्लाही जुना आहे. 'ऐनवेळी तत्काळ काढा' म्हणे. १ जुलै २०२५ पासून आयआरसीटीसीवर तत्काळ तिकीट फक्त आधार जोडलेल्या खात्यावरून निघतं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून साधं आरक्षण ऑनलाइन सुरू झाल्यावर सुरुवातीचा वेळही आधारवाल्यांसाठी राखून ठेवला. परदेशी माणसाला आधार मिळतं, पण मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिला असेल तरच. तीन आठवड्यांसाठी आलेला पर्यटक ते कुठून आणणार? खिडकीवर जाऊन तत्काळ काढायचं तर अर्जात लिहिलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, म्हणजे आधी इथलं सिमकार्ड हवं.

त्यांच्या हक्काची सोय वेगळी आहे आणि लेखात तिचं नावही नाही. परदेशी पर्यटकांना ३६५ दिवस आधीपासून आरक्षण करता येतं. आपल्यासाठी १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली, त्यांच्यासाठी बदलली नाही. शिवाय फॉरेन टुरिस्ट कोटा आहे. तो सगळ्या गाड्यांना नसतो आणि जागा मोजक्याच असतात, म्हणून गाडीगणिक पाहावं लागतं. नवी दिल्ली स्टेशनवर त्यासाठी स्वतंत्र कार्यालयच आहे. खिडकीवर मूळ पासपोर्ट न्यायचा, झेरॉक्स चालत नाही. परदेशातूनच आयआरसीटीसीचं खातं उघडायचं तर ओटीपीचं आणि परदेशी कार्डाचं घोडं अडण्याची शक्यता धरून ते काम निघण्याच्या खूप आधी करावं.

'वेटिंग असलं तरी टीसीला भेटा' हे तर छापायलाच नको होतं. ऑनलाइन काढलेलं वेटिंग तिकीट चार्ट लागला की आपोआप रद्द होतं, आणि १ मे २०२५ पासून खिडकीवरच्या वेटिंग तिकिटावरही स्लीपर किंवा एसी डब्यात बसू देत नाहीत. आरएसी (म्हणजे अर्ध्या बर्थचं तिकीट) असेल तर चढता येतं, पण साइड लोअरवर, म्हणजे पॅसेजलगतच्या खालच्या बर्थवर, दोघांनी मिळून बसायचं. हे पाहुण्याला आधीच माहीत असलं तर रात्री भांडण होत नाही.

बर्थचंही तसंच. उंच माणसाने साइडचा बर्थ घेऊ नये, दोन्ही टोकांना पार्टिशन असतं, पाय लांब करता येत नाहीत. आतल्या कप्प्यातल्या बर्थवर निदान पाय पॅसेजकडे बाहेर काढता येतात. ओळखायचं सोपं आहे. स्लीपर आणि थ्री एसीत बर्थ क्रमांकाला आठाने भागा. बाकी सात राहिली तर साइड लोअर, पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. टू एसीत सहाने भागायचं, बाकी पाच आली तर साइड लोअर आणि शून्य आली तर साइड अप्पर. चादर, उशी, ब्लँकेट एसीतच मिळतं, स्लीपरमध्ये नाही. मोठी टणक सूटकेस खालच्या बर्थखाली जाईलच असं नाही, सॅक किंवा मऊ बॅग बरी. साखळी-कुलूप अडकवायला बर्थखाली कड्या असतात.

उतरायचं कुठे, तेही नीट लिहा. 'गोवा' नावाचं स्टेशन नाही. उत्तरेकडच्या किनाऱ्यांना थिवी, पणजीला करमळी, दक्षिणेला मडगाव. पाळोळ्याच्या किनाऱ्याला जायचं तर काणकोण स्टेशन जवळ, पण कोकणकन्या मडगावलाच संपते. मधल्या स्टेशनांवर गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते, तेव्हा सामान घेऊन आधीच दाराशी यावं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं (२०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर). तेव्हा पुढची बस किंवा विमान अगदी गाडीच्या वेळेला चिकटवून ठेवू नये.

आता फोटोबद्दल. उघड्या दारात पाय बाहेर सोडून बसलेली परदेशी मुलगी आपण अर्ध्या पानावर छापलीत. रेल्वे कर्मचाऱ्याने हटकल्यावरही पायरीवर बसून प्रवास करणं रेल्वे कायद्याच्या कलम १५६ खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोकणच्या मार्गावर बोगद्यामागून बोगदे आहेत. असे फोटो पाहूनच पोरं दारात बसतात. फोटो निवडताना एवढा विचार व्हायला हवा होता.

येत्या रविवारी त्याच पानावर निदान गाडीचा क्रमांक आणि पनवेलच्या तारखेचा खुलासा छापा. सीझन तोंडावर आहे, लोक आत्ताच तिकिटं काढताहेत.

एक वाचक,
कुडाळ