तुझ्या सड्यावरचं रान

चिपळूण,
3 ऑगस्ट 2025

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन ठेवल्यापासून मन थाऱ्यावर नाही. सड्यावरच्या, डोंगरमाथ्याच्या त्या पठारावरच्या रानाला ठेकेदार चांगले पैसे देतोय, पाऊस गेला की तोड सुरू करतो म्हणतोय, असं तू सांगितलंस आणि मी नुसता हं हं करत राहिलो. लेकीच्या फीची तुझी ओढाताण मला माहीत आहे, म्हणून नको म्हणायला जीभ रेटेना. पण गप्प बसवतही नाही.

22 जुलै 2021 चा पूर तू तिकडे टीव्हीवर पाहिलास. आदल्या दिवशी बकरी ईद होती, आम्ही दुकान लवकर वाढवलं होतं. पहाटे शेजाऱ्यांनी दार बडवलं तेव्हा पाणी पायरीला लागलं होतं. 2005 च्या पाण्याची खूण बाबांनी भिंतीवर करून ठेवली होती, तिच्या हिशेबाने आम्ही माल वरच्या फळ्यांवर चढवला. उजाडल्यावर माळ्यावरून खाली पाहिलं तर ती खूण कुठेच दिसत नव्हती. पाणी ओसरलं तेव्हा दुकानात गुडघाभर गाळ. बाबांच्या वेळची पितळी वजनं मी त्या गाळात हात घालून, चाचपून एकेक करून बाहेर काढली. पन्नास ग्रॅमचं अजून सापडलेलं नाही. आपण दोघं सुट्टीत जिथे दुपारच्या दुपार काढायचो त्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात, 1864 सालच्या त्या संस्थेत, पुस्तकांचा लगदा झाला होता. ते बघून मी पहिल्यांदा रडलो. दुकानासाठी रडलो नव्हतो.

त्यानंतर गावाने जे केलं त्याचा मला फार अभिमान आहे. चिपळूण बचाव समितीने डिसेंबर 2021 मध्ये साखळी उपोषण सुरू केलं. वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढा, ही मागणी. व्यापारी, डॉक्टर, बायाबापड्या पाळीपाळीने मांडवात बसत होत्या. माझीही पाळी असायची, आणि त्या दिवशी दुकान आई सांभाळायची. जवळजवळ महिनाभर हे चाललं. मग नदीत पोकलेन उतरले, शिवनदीच्या कामाला नाम फाउंडेशन धावून आलं. नदीत वर्षानुवर्षं साचलेली बेटं फुटताना बघायला आम्ही संध्याकाळी पुलावर जायचो. चार माणसं हटून बसली म्हणून हे झालं, नाहीतर अर्ज फायलीत राहिले असते.

पण गाळ काढला म्हणजे झालं, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटत नाही.

गेल्या पंधरवड्यात तुमच्या गावच्या बाजूला गेलो होतो. आम्ही आठदहा जण अधूनमधून वर जातो. दिवाळीनंतर पऱ्यांवर, त्या लहान ओढ्यांवर, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घालतो, उन्हाळ्याआधी वणव्यासाठी जाळरेषा काढतो. या वेळी पावसात गेलो. एका बाजूला दोन वर्षांपूर्वी साफ तोडलेला उतार, दुसऱ्या बाजूला ग्रामदेवतेची राई. दोन्हीकडून एकेक पऱ्या खाली येतो आणि दोघांत पाव मैलाचंही अंतर नाही. धो धो पाऊस चालू असताना मी दोन बाटल्या भरून घेतल्या. राईतलं पाणी जरा पिवळसर, पण बाटलीतून पलीकडचं बोट दिसत होतं. तोडलेल्या उताराचं पाणी दाट चहासारखं लाल. बाटल्या दुकानात गल्ल्याशेजारी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी लाल बाटलीच्या तळाशी दोन बोटं माती बसली होती. तोच रंग, तोच चिकटपणा. ती वजनं काढताना नखांत गेलेली माती हीच होती रे. दुसऱ्या बाटलीत तळाला नुसती काळी रेघ.

आता पाऊसही पूर्वीचा राहिला नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये मांडलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापतोय, वाफ जास्त येतेय, आणि महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो. खाली गोवळकोटच्या खाडीला भरती असली की नदीचं पाणी तुंबतं, शिवाय कोयनेच्या वीजगृहांचं पाणीही कोळकेवाडीहून वाशिष्ठीतच येतं. समुद्र आणि भरती आपल्या हातात नाहीत. सड्यावर पडलेला थेंब जमिनीत मुरेल की माती घेऊन धावेल, एवढंच आपल्या हातात आहे. आणि तेही सरकारच्या हातात कमी, तुझ्यासारख्यांच्या जास्त, कारण आपल्या जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे. तुमच्या रानातले ऐन, किंजळ तुझ्या आजोबांनी राखले, ते कुठल्या कायद्याने नव्हे.

रान अजिबात हात न लावता ठेव, असं मी म्हणत नाही. गरज खरी आहे. पण साफ तोड देऊ नकोस. पऱ्याच्या दोन्ही अंगची आणि उभ्या उतारावरची झाडं सोड. बाकीच्यातली निवडून तोड, आणि खुंट जमिनीपासून थोडा वर राहू दे, किंजळीला पुन्हा फूट येते. ठेकेदार एवढ्यावर तयार होणार नाही, पैसे कमी पडतील, हे मला दिसतंय. म्हणून दुसरं सांगतो. यंदा भिशीचा नंबर मला गणपतीआधी लागतोय. ती रक्कम तू फीला घे. दुकानाला यंदा तिची गरज नाही, आणि परत कधी करशील ते मी विचारणार नाही. काकूंना हे कळायचं कारण नाही.

बयाणा घेतला नसशील तर येत्या रविवारी ये. सकाळच्या एसटीने आपण दोघं वर जाऊ आणि कुठली झाडं राहणार त्यांना चुन्याचे पट्टे मारू. चुना आणि कुंचला मी आणतो.

तुझाच,
बाजारपेठेतला

ता. क. लाल बाटली तशीच ठेवली आहे. आलास की बघ.